विसूबुवांची जपानी गाडी

“बुवा, झोपलात की काय?”

मी मागून ओरडलो तेव्हा गाडीचं पुढचं चाक डांबर सोडून कडेच्या फुफाट्यात गेलं होतं. माझ्या मांडीवर बाजाची पेटी, पेटीवर बुवांच्या कपड्यांचं गाठोडं. समोरचं काही दिसतच नव्हतं. बाभळीची फांदी कानाला घासली म्हणून कळलं. बुवांनी दचकून हँडल वळवलं, गाडी हेलपाटली आणि कशीबशी रस्त्यावर आली.

“ओरडतोस कशाला, भालबा? जागा आहे मी.”

“जागे होता तर बाभळीत कशाला शिरलात?”

“आख्यान घोळवत होतो मनात.”

पुढं एक चिंच दिसली. तिच्याखाली मी त्यांना थांबायला लावलं. वैशाखाचं ऊन. बुवा खाली उतरले, उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरून दगडावर टेकले. तोंडावर पाणी मारलं तरी डोळ्यांतली लाली जाईना. चैत्रापासून आम्ही असेच फिरत होतो. आज या गावचा उत्सव, उद्या त्या गावची जत्रा. देवळाच्या ओवरीत झोपायचं, मिळेल ते जेवायचं, पुन्हा गाडीवर बसायचं.

“बुवा, एक बोलू का?”

“बोल. तू न बोलता राहणार आहेस थोडाच.”

“यंदा बोरगावचं कीर्तन झालं की थांबू या. पुढच्या गावांना मी निरोप धाडतो.”

“काय निरोप धाडशील? विसूबुवा दमला?”

“दमलातच की.”

“दमलो. पण मला कीर्तनाच्या गादीवरच जायचंय भालबा, अंथरुणावर नाही.” ते उठले. “चल. घरी तुझी काकू वाट बघत असेल. म्हणजे रागावून बसली असेल. एकूण एकच.”

मी भालचंद्र हावळ. कृष्णाकाठच्या बोरगावात माझं शिलाईचं दुकान होतं. दुकान नावाला. कुठं कीर्तनाची झांज ऐकू आली की माझी कात्री कापडात तशीच राहायची आणि गिऱ्हाइकं माझ्या बायकोशी भांडायची. देवानं गळा दिला नाही, बोटं दिली. विसूबुवा सोवनींच्या मागं पेटीवर बसायला मिळालं, यापलीकडं मी देवाकडं काही मागितलेलं नाही. गादीवर बुवा उभे राहिले, कपाळी बुक्का लागला, चिपळ्या वाजल्या की मला सहज वाटायचं, देव आता खांबाआड येऊन उभा असेल.

आणि गाडीबद्दल सांगायला हवं. होंडाची ड्रीम. चौकोनी दिव्याची, दोन सिलिंडरची, काळी. बुवांचा एक भक्त बोटीवर इंजिनियर होता, त्यानं जपानहून आणलेली. पुढं तो परदेशीच राहिला आणि जाताना गाडी बुवांच्या दारात लावून गेला. तिची साखळी पत्र्याच्या पेटीत पूर्ण झाकलेली, म्हणून धोतर अडकायचं नाही. शिवाय ती बटणावर सुरू व्हायची. त्या काळात मोटरसायकल म्हटली की लाथ मारणं आलं. आणि बुवांचा गुडघा असा, की लाथ मारायची म्हटलं तर गाडीआधी बुवाच खाली. गावोगावचे लोक त्या बटणासाठी जमायचे. बुवाही हौशी, दोनदोनदा बंद करून चालू करून दाखवायचे. ही गाडी नसती तर बुवांची कीर्तनं पाच-सहा वर्षांपूर्वीच बंद झाली असती, हे मला ठाऊक होतं, बुवांना ठाऊक होतं, आणि काकूंनाही.

घरी पोचलो तर ओसरीवर एक गृहस्थ बसलेले. पुण्याचे, तेंडोलकर नावाचे. जुन्या गाड्यांचे शौकीन. गाडी बघितल्यावर ते चप्पल काढून अंगणात उतरले. हात मागं बांधून त्यांनी गाडीभोवती एक पुरी फेरी घातली.

“बुवा, आवाज ऐकवता का जरा?”

बुवांनी बटण दाबलं. तेंडोलकर डोळे मिटून उभे राहिले.

“असली ड्रीम आपल्याकडं मी आजवर दुसरी पाहिली नाही. फोटोत पाहिली. बुवा, स्पष्टच विचारतो. विकणार?”

“पाय विकतं का हो कुणी?” बुवा हसले.

आतून इंदूकाकू चहा घेऊन आल्या. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, “विकत नाहीत. पण पायांना विश्रांती तरी देतात माणसं.”

“ही आमची मंडळी,” बुवा तेंडोलकरांना म्हणाले. “घरातल्या घरात कीर्तन असतं. फक्त टाळ्या नाहीत.”

तेंडोलकर हसले, माझ्याकडं फोन नंबर देऊन गेले. काकूंचं तिकडं लक्षच नव्हतं. त्या बुवांच्या धोतराकडं बघत होत्या. डाव्या पोटरीजवळ सायलेन्सरनं जळून तळहाताएवढं भोक पडलं होतं.

“कुठं पडलात?”

“पडलो नाही गं. टेकलो.”

“गाडीखाली टेकलात?”

बुवांनी धोतराचा सोगा भोकावर ओढला. काकूंनी माझ्याकडं पाहिलं. मी चहाच्या कपात पाहिलं. चार दिवसांपूर्वी एका ओढ्याच्या उतारावर आम्ही दोघं गाडीसकट आडवे झालो होतो. पेटी वाचली होती. बुवांनी मला घरी न सांगण्याची शपथ घातली होती.

“धोतर बदला,” काकू म्हणाल्या, “आणि तासभर पडा. चारला उभं राहायचंय.”

“पडत नाही. पडलो तर उठणार नाही.”

“तेच म्हणते मी,” असं म्हणून त्या आत गेल्या.

आमच्या गावात नृसिंहाचा उत्सव. जन्म दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला, आणि आदल्या दिवशी चार वाजता विसूबुवांचं कीर्तन. आख्यान ठरलेलं, कर्णाच्या कवचकुंडलांचं. त्यातल्या साक्या आणि पदं बुवांच्या वडिलांनी रचलेली, त्यामुळे ती दुसऱ्या कुणाच्या तोंडी नव्हती. मलाही शब्द पाठ नसायचे. माझं सगळं ध्यान सुरात. चाल माहीत, कुठं थांबतात ते माहीत, पण शब्द विचाराल तर मी गप्प.

देवळापुढं मांडव. डावीकडं पुरुष, उजवीकडं बायका. काकू नेहमीप्रमाणं अगदी कडेच्या खांबाला टेकून बसल्या, हातात जपमाळ, डोळे मिटलेले. गावात थट्टा होती, की अख्ख्या पंचक्रोशीला जागवणाऱ्या बुवांच्या कीर्तनात एकच माणूस झोपतं, ते त्यांच्या घरचं. काकू ती थट्टा ऐकूनही हसत नसत.

पूर्वरंग बरा झाला. आवाज थोडा ओढत होता, पण रंग होता. मध्यंतरात उत्सवाचे कारभारी आप्पा बाबर यांनी बुवांना बुक्का लावला, हार घातला आणि पाया पडले. गादीवरच्या माणसाच्या पाया सगळेच पडतात, मग तो वयानं लहान असो की मोठा. ती गादी नारदांची.

उत्तररंगाला बुवा उभे राहिले आणि आख्यान सुरू झालं. कर्णाच्या दारी इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येतो, तिथं बुवांची एक ठरलेली जागा होती. गावोगावी घेत. लोक तिची वाट बघत.

“कर्णाचं राहू द्या,” बुवा म्हणाले. “आपण काय देतो? जुना सदरा देतो. तोही बटणं काढून घेऊन.”

मंडळी हसली.

“माझ्याकडं काय आहे? एक गाडी आहे. जपानी. बाहेर उभी आहे.” त्यांनी कनवटीची किल्ली काढून वर धरली. “कुणीही उठा, मागा. नारदाच्या गादीवरून सांगतो, दिली!”

चिपळ्या थांबल्या. मग बुवा हळूच म्हणाले, “बघा. कर्ण बघायला सगळे येतात, इंद्र व्हायला कुणी उठत नाही!”

मांडवात हशा उसळला. आजवर कुणी उठलं नव्हतं. कोण उठणार? बुवांची गाडी मागणं म्हणजे देवळातली घंटा घरी नेण्यासारखं.

किल्ली कनवटीला गेली आणि बुवांनी साकी उचलली.

“द्वारी याचक उभा पाहुनी कर्ण हासला गाली...”

मी सूर धरला. सदा गुरवानं तबल्यावर ठेका दिला. दुसरी ओळ आली नाही. बुवांनी पहिलीच पुन्हा म्हटली. असं करतात, ओळ घोळवतात, म्हणून मीही ती वाजवली. मग तिसऱ्यांदा तीच ओळ. या वेळी ‘गाली’वर त्यांचा आवाज अडकला आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी आजही विसरलेलो नाही. गर्दीत हात सुटलेल्या मुलासारखी नजर. मला शब्द येत नव्हते. मी नुसताच सूर भरत राहिलो.

बुवा थांबले. उपरण्यानं कपाळ पुसलं. आणि म्हणाले, “कर्णाचं राहू द्या. आपण काय देतो? जुना सदरा देतो...”

सदाचा हात तबल्यावरच थांबला.

“...तोही बटणं काढून घेऊन.”

या वेळी कुणी हसलं नाही. पुढं बसलेल्या दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मागं कुणीतरी कुजबुजलं. बुवांना ते कळत होतं की नाही, देव जाणे. ते त्या ओळखीच्या वाटेनं पुढं पुढं चालले होते, कारण दुसरी वाट सापडत नव्हती. “माझ्याकडं काय आहे? एक गाडी आहे. जपानी...” किल्ली पुन्हा वर गेली. “कुणीही उठा, मागा...”

आप्पा बाबर गुडघ्यावर हात टेकून पुढं सरकले. “बुवा, हे मघाशी...”

“मी मागते.”

आवाज उजवीकडून आला. खांबापाशी काकू उभ्या राहिल्या होत्या. जपमाळ कमरेला खोचलेली, पदर डोक्यावरून.

“बुवा, मी मागते. द्या ती गाडी.”

अख्खा मांडव वळून बघायला लागला. काकू बायकांमधून वाट काढत गादीपाशी आल्या आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. बुवा त्यांच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी किल्ली त्या ओंजळीत ठेवली.

“दिली,” म्हणाले. आवाज एकदम साफ होता.

काकूंनी गादीला हात लावून डोळ्यांना लावला, बुवांच्या पावलांवर डोकं ठेवलं. आणि मग मांडव फुटला. हशा, टाळ्या, आरोळ्या. “बुवा, खरे कर्ण निघालात!” “आता कळलं, दुसऱ्यांदा का विचारलं! पहिल्यांदा घरच्यांनी ऐकलंच नव्हतं!” आप्पा बाबरही हसत मागं टेकले. मागून एक जण ओरडला, “काकू, चालवणार कोण?”

“चालवायची कशाला?” काकू वळून म्हणाल्या. “गाडी दारात राहील, आणि माणूस घरात.”

पुन्हा हशा. तो ओसरायच्या आत त्या बुवांकडं वळल्या. “दान झालं, बुवा. आख्यान पुरं झालं. आरती घ्या.”

सदानं झांज उचलली. मी आरतीचा सूर दिला. बुवा डोळे मिटून आरती म्हणत होते. ती शब्दन् शब्द बरोबर आली.

मला मात्र राग आला होता. इतका, की पेटीचा भाता बंद करताना कडी मोडली. माणूस गादीवर चाचपडत उभा असताना त्याचे पाय काढून घ्यायचे? घरचं भांडण मांडवात आणायचं? आणि तेही आरतीच्या तोंडावर, अख्ख्या गावाला हसवून?

घरी आम्ही चालतच निघालो. गाडी सदा ढकलत आणत होता. बुवांचा हात माझ्या खांद्यावर होता, आणि तो जड होत चालला होता. काकू दोन पावलं पुढं.

“काकू,” मी म्हणालो, “हे बरं केलं नाहीत.”

“पेटी सांभाळा, भालबा. पुढं गटार आहे.”

“गटार दिसतंय मला. तुम्ही आज जे केलंत, ते घरी मागायचं होतं.”

“घरी मागितली होती. दहादा.” त्या थांबल्या नाहीत. “घरी हे नवरा असतात. नवरा देत नाही.”

“असू दे रे,” बुवा म्हणाले. एवढंच. पोचल्यावर ते हातपाय न धुताच ओसरीवरच्या कॉटवर आडवे झाले आणि लगेच झोपले. इतकं गाढ झोपलेलं मी त्यांना चैत्रापासून पाहिलं नव्हतं.

मी तरीही रागातच घरी गेलो. रात्री जेवलो नाही. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर स्वतःबद्दलही. बुवांच्या मागं बसणं संपलं, म्हणजे माझंही संपलं. पुन्हा मशीन, पुन्हा बाह्या आणि कॉलर.

सकाळी उठून गेलो तो भांडायच्याच तयारीनं. बुवा ओसरीवर चहा घेत होते, पाय लांब करून. उंबऱ्याच्या आत काकू सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. जन्म झाल्यावर देवळात प्रसादाचा भात असतो, घरटी थोडे थोडे तांदूळ जातात. किल्ली त्यांच्या पदराच्या टोकाला बांधलेली दिसत होती.

“या, भालबा,” काकू म्हणाल्या. “त्या पुण्याच्या माणसाचा नंबर तुमच्याकडं आहे ना? पोस्टातून फोन करा. म्हणावं, येऊन गाडी न्या. दारात राहिली तर हे पुन्हा बसतील.”

“न्या म्हणजे? किंमत काय सांगू?”

“किंमत त्याला ठरवू दे. तो ती नीट ठेवील का, एवढं विचारा. मला वाटतं ठेवील. चप्पल काढून बघायला गेला होता.”

मी बुवांकडं पाहिलं. वाटलं, आता तरी काही म्हणतील. ते कपातल्या चहाकडं बघत होते. दिवसा उजेडी ते किती म्हातारे दिसत होते, हे मी त्या सकाळी पहिल्यांदा पाहिलं. पाठीमागं बसणाऱ्याला चेहरा दिसतच नाही.

“पुढच्या गावांना तू निरोप धाड,” ते म्हणाले. “म्हणावं, बुवांनी गाडी दान केली. लोकांना आवडेल ते.”

“आवडेल,” मी म्हणालो. माझा आवाज कडूच होता.

मग बुवांनी कप खाली ठेवला आणि वळून न बघता विचारलं, “अगं, कालची ती पुढची ओळ काय होती?”

काकूंनी मान वर केली नाही. एक खडा उचलून बाजूला ठेवला आणि चालीत नाही, नुसतं सांगितल्यासारखं म्हणाल्या,

“कवच उतरले, ओझे सरले, काया हलकी झाली.”

“हां,” बुवा म्हणाले. “हलकी झाली.”

खांबाला टेकून डोळे मिटलेली ती बाई गेली चाळीस वर्षं झोपत नव्हती. या घरात सकाळी बुवा आख्यान घोळवत आणि ती चुलीपाशी असे. शब्दन् शब्द तिच्यात उतरला होता. काल पहिल्याच खेपेला ओळ अडली तेव्हाच तिला ती ठाऊक होती.

बुवांच्याही तेच ध्यानात आलं असावं. म्हणाले, “ठाऊक होती, तर काल तिथूनच सांगायची होतीस.”

“सगळ्या गावादेखत?”

काकूंनी एवढंच म्हटलं आणि सूप पाखडलं.

बुवा कॉटवरून उठले. गुडघा धरत, भिंतीचा आधार घेत उंबऱ्यापाशी गेले आणि तिच्यासमोर खाली बसले. कोपऱ्यातलं ताट ओढलं.

“अर्धे इकडं ओत,” म्हणाले.

काकूंनी अर्धे तांदूळ त्यांच्या ताटात ओतले.